नारळाच्या नावाखाली विकलेली शंभर किलो पावडर

सोडियम कोकोइल आयसेथिओनेट या नावाने मला शंभर किलो सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस) विकण्यात आले. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर भागात फेस वॉश, शाम्पू बार किंवा लहान मुलांसाठी साबण बनवणाऱ्या प्रत्येक लहान उद्योजकाने हे वाचावे, कारण हा विक्रेता आजही समाजमाध्यमांवर त्याच छायाचित्रांसह त्याच मालाची जाहिरात करीत आहे.

फसवणुकीची मेख कुठे आहे ते आधी समजून घ्या. खोबरेल तेलातील स्निग्धाम्लांपैकी जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. खोबरेलाच्या या स्निग्धाम्लांची आयसेथिओनेटशी जोड घातली की एक अतिशय सौम्य मळ काढणारा पदार्थ तयार होतो; तोच सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, पुढे त्याला नुसते आयसेथिओनेट म्हणते. तो त्वचेच्या स्वाभाविक किंचित आम्ल पातळीच्या जवळ राहतो आणि त्वचेतील प्रथिनांना फारसा धक्का लावत नाही. त्याच लॉरिक आम्लापासून अल्कोहोल बनवून त्याचे सल्फेट केले, तर एसएलएस मिळते. त्वचेचा दाह मोजण्याच्या प्रयोगांत मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी जगभर वापरतात तो पदार्थ हाच. म्हणजे दोन्ही पोत्यांवर ‘नारळापासून निर्मित’ असे छापले, तर ते दोन्हीकडे खरेच असते! या एका खऱ्या वाक्याच्या आडोशाला राहून या माणसाने मला लुबाडले.

कोल्हापुरात भांड्यांच्या लिक्विडसाठी लागणारी ॲसिड स्लरी हवी तेवढी मिळते, पण आयसेथिओनेट बाहेरूनच मागवावे लागते. माझा नेहमीचा दर किलोला ४६० रुपये होता. याने ३७२ सांगितला. किलोमागे ८८ रुपयांचा फरक पाहून मी हुरळून गेले, असे कोणी म्हणू नये, कारण मी आधी अर्धा किलोचा नमुना मागवला होता आणि तो नमुना शंभर टक्के अस्सल होता. थंड पाण्यात तो तळाशी बसून राहिला, पाणी दुधाळ झाले, पीएच पट्टीने साडेपाच दाखवले. नमुना तपासून, दोन ठिकाणचे भाव पडताळून आणि तपासणी अहवाल मागवूनच मी मागणी नोंदवली. याहून अधिक काळजी लहान उद्योजकाने कोणती घ्यायची?

मागणी देताना मी दीडशे किलोची तयारी दाखवली होती. त्यानेच मला शंभरावर थांबवले. “मॅडम, बिल पन्नास हजारांच्या आत ठेवू, म्हणजे ई-वे बिलाची कटकट नको,” असे तो म्हणाला. परराज्यातून पन्नास हजारांपेक्षा अधिक किमतीचा माल हलवताना ई-वे बिल, म्हणजे त्या मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद, लागते, हे मला ठाऊक होते. पण त्याला तो कागद का नको आहे, हे त्या वेळी लक्षात येण्यासारखे नव्हते. ३७,२०० रुपयांचा माल आणि १८ टक्के जीएसटी मिळून ४३,८९६ रुपये मी आगाऊ भरले. ट्रान्सपोर्टचे १,४५० रुपये वेगळे.

आता त्या बिलाकडे पाहिले की माझा संताप अनावर होतो. जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४ ने होती, म्हणजे विक्रेता गुजरातमधला. परराज्यातून माल आला तर बिलावर आयजीएसटी लागतो. या बिलावर मात्र राज्यातल्या राज्यात होणाऱ्या विक्रीला लागणारे सीजीएसटी ३,३४८ आणि एसजीएसटी ३,३४८ असे दोन सरळ रकाने होते. बेरीज बरोबर, टक्केवारी बरोबर, फक्त कर चुकीचा. पुढे जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, तेव्हा तो कापडाच्या एका पेढीचा निघाला, जिचा या व्यवहाराशी काहीही संबंध नव्हता. पैसे पाठवण्यापूर्वी प्रोफॉर्मा (विक्रीआधीचे) बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक त्याच संकेतस्थळावर शोधून पाहा. त्यासाठी लॉगिनसुद्धा लागत नाही.

पण ज्या क्षणी सगळे समोर उघडे पडले होते, तो क्षण बिलाचा नव्हता. शिरोली एमआयडीसीतील ज्या परवानाधारक युनिटमध्ये मी लोन लायसन्सवर (दुसऱ्याच्या कारखान्यात उत्पादन करण्याच्या परवान्यावर) माल बनवून घेते, तिथे पहिले पोते माझ्यासमोर उघडले. नमुना पिठासारखा बारीक होता. पोत्यात शेवयांच्या चुऱ्यासारख्या पांढऱ्या काड्या होत्या. मी लगेच फोन लावला. “नूडल ग्रेड आहे, मॅडम, धूळ उडत नाही,” असे उत्तर आले, आणि आयसेथिओनेट खरोखरच नूडल स्वरूपातही विकले जाते, त्यामुळे त्याला खोटे पाडायला जागा नव्हती. मिश्रण तापवायला घेतले तेव्हा भांड्याजवळ उभा असलेला कारागीर म्हणाला, “ताई, ह्या खेपेला माल लगीच विरघळला की!” आयसेथिओनेट असे कधीच विरघळत नाही. त्याला पाऊण-एक तास उष्णता देत, गाठी मोडत बसावे लागते. ते वाक्य माझ्या कानांवर पडले, मी भांड्यात डोकावलेही, पण मोतिया छटेसाठी घातलेल्या दुसऱ्या घटकामुळे मिश्रण नेहमीसारखेच पांढरे दिसत होते. पोत्यातून मूठभर पावडर घेऊन ती थंड पाण्यात टाकली असती, तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण नमुना तपासलेला, अहवाल हाती आणि बॅच खोळंबलेली असताना अशी शंका कोणाला येणार?

आणि विक्रेत्याने पाठवलेला तो तपासणी अहवाल! त्यावर सक्रिय घटकाचे प्रमाण ९९ टक्के लिहिले होते. बाजारात मिळणाऱ्या आयसेथिओनेट पावडरीत ते साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास असते, उरलेला भाग बहुतांशी मोकळ्या स्निग्धाम्लांचा असतो. ९९ चा आकडा दिसला की माल नाकारा. अहवालावर सीएएस क्रमांकही (रसायनाचा ओळख क्रमांक) पाहा: आयसेथिओनेटचा ६१७८९-३२-०, एसएलएसचा १५१-२१-३. एचएसएन कोडवर (करासाठीच्या मालाच्या वर्गीकरण क्रमांकावर) मात्र विसंबू नका, कारण दोन्ही ३४०२ मध्येच येतात.

या पावडरीपासून बनवलेला माल ग्राहकांकडे गेल्यानंतर राजारामपुरीतील एका आईने तिच्या मुलीच्या गालांचे छायाचित्र पाठवले. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल, खरबरीत चट्टे होते. त्या पाठोपाठ त्वचा ओढल्यासारखी वाटते, डोळ्यांत झोंबते, अशा तक्रारी येऊ लागल्या. मी सगळा माल परत मागवला आणि ग्राहकांना १८,२६० रुपये परत केले. बॅचचे इतर साहित्य आणि मजुरी मिळून २२,७०० रुपये वाया गेले. प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणीसाठी ३,५४० रुपये भरले. आयसेथिओनेटच्या आलेखात १,७४० सेमी⁻¹ च्या आसपास एस्टरचे (स्निग्धाम्लाच्या त्या जोडीचे) जे शिखर दिसायलाच हवे, ते या मालात नव्हतेच. एकूण ८९,८४६ रुपये.

प्रयोगशाळेचा हा अहवाल घेऊन मी आमच्या हद्दीतील पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “नारळापासूनच हुतंय न्हवं हे? मग फसवलं कुठं?” मी दोन पदार्थांतला फरक सांगितला, आलेख दाखवला, त्या मुलीचे छायाचित्र दाखवले. उत्तर मिळाले की माल पोहोचला आहे, त्यामुळे हा दिवाणी वाद आहे. खोटा जीएसटी क्रमांक हाही दिवाणी वाद काय? बँकेने सांगितले की पोलिसांचे पत्र आणल्याशिवाय समोरच्या खात्याची माहिती देता येणार नाही. पोलीस म्हणाले, आधी बँकेकडून माहिती आणा. कर खात्याच्या कार्यालयात सांगण्यात आले की विक्रेता परराज्यातला आहे, तिकडे तक्रार करा. सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात तर एका अधिकाऱ्याने मलाच बजावले की अशी तक्रार लेखी दिलीत तर पहिली चौकशी तुमच्या तयार मालाची होईल. स्वतःहून माल परत मागवणाऱ्या बाईला धमकावायचे आणि बनावट कागदांवर रसायने विकणाऱ्याला मोकळे सोडायचे, याला देखरेख म्हणतात काय? मी ती तक्रार लेखी दिली आणि पोचही घेतली.

पोलीस तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी ती पाठवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा, मालाची वाट पाहत बसू नका. ‘तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही’ असे कोणी म्हटले तर ऐकून परत येऊ नका: स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या मालाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळलेले नाही, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. नमुना अस्सल आला तरी प्रत्येक पोत्यातून चिमूटभर माल थंड पाण्यात टाकून पाहा. लगेच विरघळून पाणी स्वच्छ राहिले आणि भरभरून फेस आला, तर ते पोते वापरू नका.

माझ्याकडे तीन पोती शिवण न उसवता ठेवलेली आहेत. सोबत पोत्यावरचे टॅग, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि फोनवरचे सर्व संदेश आहेत. २४ ने सुरू होणारा क्रमांक आणि त्याखाली सीजीएसटी-एसजीएसटी असे बिल ज्यांना मिळाले असेल, त्यांनी आपले पोते फेकून देऊ नये आणि मला कळवावे. जिल्हा आयोगातील तक्रारीला जोडण्यासाठी मला अशी आणखी बिले हवी आहेत.