मुंबई–नागपूर: विमान की समृद्धी महामार्ग?

मुंबई आणि नागपूर यांच्यातील हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर आहे. ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान ते तासाभरात कापू शकते, पण वेळापत्रकात साधारण दीड तास दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे आणि उतरणे यांत वेळ जातोच. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. घरून निघणे, तपासणी आणि सामानाची वाट पाहणे धरले, तर प्रवास पाच तासांच्या घरात जातो.

2025 मध्ये इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा टप्पा खुला झाल्यावर 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. गाडीने साधारण आठ तास लागतात, त्यात आमणेपर्यंतची वाहतूककोंडी वेगळी. चौघांचे कुटुंब आणि डिकीभर सामान असेल, तर मी रस्ताच निवडेन, मात्र चालक दोन हवेत, कारण त्या सरळ, एकसुरी रस्त्यावर दुपारी डोळा लागतो आणि ते जिवावर बेतते. एकट्याने, कामासाठी जायचे असेल तर विमानच बरे.