जुनं .२२ रिव्हॉल्वर पारखताना: गोळ्या मोजू नका, हातांच्या खुणा शोधा

.२२ लाँग रायफलच्या काडतुसाने रिव्हॉल्वर सहसा झिजत नाही. दाब कमी, धक्का नगण्य, गोळी मऊ शिशाची. त्याची वाट लावतात ते माणसाचे हात: रिकाम्या चेंबरवर (सिलिंडरमधलं काडतुसाचं घर) ट्रिगर ओढणारे, सिलिंडर झटक्याने मिटणारे, नळी नको तशी घासणारे, आणि हाताशी स्क्रू ड्रायव्हर आहे म्हणून आत शिरणारे. त्यामुळे किती फैरी झाडल्या, या प्रश्नाच्या उत्तरातून फारसं कळत नाही.

आधी परवाना आणि फ्रेमवरचा नंबर कागदाशी ताडून पाहा. नंबर खरवडलेला असेल तर भावाची बोलणीही करू नका. शस्त्र रिकामं असल्याची खात्री स्वतः करा आणि मगच पुढे जा.

सर्वात जास्त वेळ चेंबरच्या कडांना द्या. .२२ हे रिमफायर काडतूस, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत असतो. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या काठावर दाबून चिरडते. चेंबर रिकामं असेल आणि पिन जरा लांब असेल, तर तो घाव थेट पोलादी काठावर बसतो. प्रत्येक चेंबरच्या तोंडाशी, पिन पडते त्या जागी, नख फिरवा. आत वळलेला बर, म्हणजे धातूची उठलेली कड, लागला तर काडतूस घट्ट जाणार आणि पुंगळी अडकणार. काठ खोल दबला असेल तर काडतुसाच्या कडेला आधारच उरत नाही, मग काडतूस फुटत नाही. किरकोळ बर गनस्मिथ खास अवजाराने दाबून मूळ जागी बसवतो. तिथे कानस फिरलेली दिसली तर सौदा सोडा.

आता टायमिंग, म्हणजे हॅमर चढताना सिलिंडर वेळेत जागेवर येणं. सिलिंडरवर बोट हलकं टेकवून हॅमर अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण चढायच्या आत सिलिंडर खटकन अडकलं पाहिजे, आणि हे प्रत्येक चेंबरला तपासायचं. एखादंच मागे राहत असेल तर बहुधा एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या चांदणीचा, तो दात झिजलेला असतो. चढवलेला हॅमर अंगठ्याने पुढे ढकलून पाहा. तो सुटला तर ते शस्त्र धोकादायक आहे. या चाचण्यांत हॅमर खाली येणार असेल तर चेंबरमध्ये वापरलेल्या पुंगळ्या ठेवा, दुसऱ्याच्या शस्त्राला नवा घाव कशाला?

फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, सोबत न्याच. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट साधारण ०.१० ते ०.२० मि.मी. असावी, ०.२५च्या वर गेली की शिशाचे कण बाजूला उडू लागतात. सिलिंडर फिरवत मोजा. फट एका बाजूला कमी-जास्त होत असेल तर क्रेन (सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतं तो हात) वाकलेला असू शकतो, म्हणजे कुणीतरी सिलिंडर झटकून मिटत होतं. इजेक्टर रॉडचं (पुंगळ्या बाहेर ढकलायचा दांडा) टोक फिरताना डगमगतं का, तेही बघून घ्या. मात्र एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली कचरा साचला तरी सिलिंडर जड फिरतं, म्हणून दोष देण्याआधी तिथे ब्रश मारा.

रिव्हॉल्वरच्या नळीत गज सहसा मागून घालता येत नाही. तो तोंडातून जातो आणि तिथल्याच खाचा झिजवतो. तोंडाची कड भिंगाखाली सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. नळीत एखादं काळं कडं दिसलं तर अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडलेली असते. बाहेरून बोट फिरवल्यावर फुगवटा कधीकधी हाताला लागतो. चेंबरमधलं कडं वेगळं. ते बहुधा .२२ शॉर्ट काडतुसांच्या काजळीचं असतं आणि ब्रशने निघतं.

मॉडेलांपैकी स्मिथ अँड वेसन मॉडेल १७ आमच्या मते सर्वात समाधान देणारं. त्यात एक गोष्ट आवर्जून पाहा: मुठीच्या पुढच्या पट्टीतला स्ट्रेन स्क्रू, जो हॅमरच्या स्प्रिंगला ताण देतो. ट्रिगर हलका व्हावा म्हणून तो सैल करायची खोड फार, आणि रिमफायरला ठोका जोरदारच लागतो. स्क्रू पूर्ण आवळा. तो कापून आखूड केला असेल तर नवा घाला. रुगर सिंगल-सिक्स जास्त दणकट, पण १९७३पूर्वीच्या मूळ रचनेत ट्रान्स्फर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा ठोका पिनपर्यंत पोहोचू न देणारी पट्टी) नाही. तसं शस्त्र घेतलं तर हॅमरखालचं चेंबर रिकामंच ठेवायचं, म्हणजे सहाऐवजी पाचच काडतुसं. सोबत .२२ मॅग्नमचं जादा सिलिंडर मिळत असेल तर टायमिंग आणि फट त्यावरही तपासा. मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल कधीही घालू नका. चेंबर रुंद असल्याने पुंगळी फाटते.

झाडून पाहायची परवानगी मिळाली तर रेंजवर चेंबरांना मार्करने १ ते ६ आकडे द्या आणि न फुटलेलं काडतूस कुठल्या आकड्याचं होतं ते लिहून ठेवा. तेच चेंबर पुन्हा पुन्हा आलं तर काठ तपासा. सगळ्याच चेंबरांत अधूनमधून होत असेल तर संशय स्प्रिंगवर किंवा काडतुसांवर घ्या. न फुटलेलं काडतूस लगेच काढू नका, नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा. मग तेच काडतूस अर्धा वळसा फिरवून पुन्हा ठोका द्या: फुटलं आणि पहिला घाव खोल असेल, तर दोष काडतुसाच्या कडेतल्या मसाल्याचा, घाव उथळ असेल तर स्प्रिंगचा.