भूक नाही, पण कॅलरी उरल्यात: खायचं की सोडायचं?

रात्रीचं जेवण आटोपून साडेनऊला मी कॅलरी मोजायचं ॲप उघडायचे, तर दिवसाच्या ठरलेल्या बजेटपैकी किती कॅलरी उरल्या ते हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: शिल्लक ४१०. पोट भरलेलं, ढेकर देऊन झालेला. तरी पहिले दोन-तीन महिने अशा रात्री मी मोठा चमचा घेऊन पीनट बटरच्या बरणीपाशी जायचे. दोन चमचे, साधारण १९० कॅलरी, उभ्याउभ्याच. चव लागायची असंही नाही. वर्षअखेरीला मंजूर निधी परत जाऊ नये म्हणून कसाही खर्च करून टाकतात, त्यातला प्रकार. पुढे त्याचा कंटाळा आला आणि मी दुसरं टोक गाठलं. भूक नाही ना? मग एक घासही नाही. ७०० शिल्लक ठेवून झोपले की स्वतःचीच पाठ थोपटायचे.

दोन्ही प्रकार पुरेसे करून झाले. आता मला वाटतं, हा प्रश्न रात्री साडेनऊला ॲपकडे बघून सुटत नाही. भूक का नाही आणि असं आठवड्यातून किती वेळा होतं, हे कळलं तरच सुटतो. पण त्याच्याही आधी एक पायरी आहे आणि ती बहुतेक जण गाळतात.

शिल्लक खरी आहे का?

"खा" म्हणणारे आणि "सोडा" म्हणणारे, दोघंही ४१० हा आकडा खरा धरून वाद घालतात. तो खरा असतोच असं नाही.

रोजच्या कॅलरींचा अंदाज बांधायला १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र खूप वापरतात. ३५ वर्षांची, ६५ किलो वजनाची, १६० सेंटिमीटर उंचीची बाई घेऊ. वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५, उणे १६१. उत्तर येतं १,३१४. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढी ऊर्जा वापरतं. याला हालचालीचा गुणक लावायचा. "बैठं काम" निवडलं तर १.२, "थोडीफार हालचाल" निवडलं तर १.३७५. पहिल्याने १,५७७ येतात, दुसऱ्याने १,८०७. पहिल्या दिवशी माहिती भरताना बोट कुठल्या पर्यायावर पडलं, एवढ्यावर २३० कॅलरींचा फरक! माझ्या ४१० मधला अर्ध्याहून जास्त भाग त्या एका टिचकीतून आलेला असू शकतो.

हे झालं जमेचं. खाऊन खर्ची पडतात त्या कॅलरींची नोंद तर आपण स्वतःच करतो. एकदा मी तेलाची बाटली स्वयंपाकाआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवून पाहिली. फरक २३ ग्रॅम. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे २०७. ॲपमध्ये माझी नोंद होती "तेल, १ चमचा", ४५ कॅलरी. कढईतलं सगळं मी एकटीनेच खाल्लेलं, त्यामुळे बाकीच्या १६२ कॅलरी दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकायचीही सोय नव्हती. चहा-कॉफीतलं दूध, चव बघायला घेतलेले दोन चमचे, मुलांच्या ताटात उरलेलं, या सगळ्याची नोंद कोण करतं?

१९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला. "आम्ही दिवसाला १,२०० कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या मोजक्या लोकांचं खाणं संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने तपासलं. प्रत्यक्ष खाण्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी निघालं, आणि हालचाल ५१ टक्के फुगवून सांगितलेली. ही माणसं खोटारडी होती असं मला वाटत नाही. माझ्या तेलासारखंच काहीतरी झालं असणार.

मनगटावरच्या घड्याळाचंही तसंच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण जळालेल्या कॅलरींच्या बाबतीत त्यातल्या त्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. तेव्हा "आज व्यायाम केला, म्हणून ३०० वाढीव मिळाल्या" अशी तुमची शिल्लक असेल, तर ती निदान खाण्यासाठी धरू नका.

हिशेब तपासायचा तर चार आठवड्यांचं वजन बघा. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. ॲप म्हणतंय रोज १,१०० खाल्ल्या आणि सरासरी महिनाभर तिथल्या तिथेच, तर शिल्लक कागदावरची आहे, खाऊ नका. वजन दर आठवड्याला एक टक्क्याहून जास्त उतरतंय, तर शिल्लक खरी आहे आणि तुम्ही कमी पडताय. या दोन्हींच्या मधे असाल, तर पुढचं वाचा.

सोडून दिलं तर

एका रात्री ३०० कॅलरी सोडल्या तर काय होतं? एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. त्या हिशेबाने ३०० म्हणजे ३९ ग्रॅम. आठवड्यावर पसरल्या तर दिवसाला ४३, अर्ध्या केळ्याहूनही कमी. एका रात्रीत नुकसान नाही आणि फार मोठा फायदाही नाही.

सोडणाऱ्यांना घाबरवणारी एक गोष्ट म्हणजे "उपासमारीचा मोड": एक जेवण चुकलं की शरीर चरबी धरून बसतं म्हणे. एका जेवणाने असं काही होत नाही. दीर्घकाळ कमी खाल्ल्यावर मात्र शरीर खर्च आवरतं, हे खरं. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी वापरत होतं. हा अभ्यास २०१६ चा. पण ते प्रचंड वेगाने, प्रचंड प्रमाणात घटवलेलं वजन होतं. मंगळवारी रात्री खाल्लं नाही म्हणून झालेलं नव्हे.

"सकाळी भूक नसली तरी नाश्ता हवाच" हा आग्रहही तसाच. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०१९ मध्ये १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. त्यात नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात सरासरी २६० कॅलरी जास्तच गेल्या होत्या आणि त्यांचं वजनही किंचित जास्त होतं. लेखकांनी स्वतःच चाचण्यांचा दर्जा फारसा चांगला नसल्याचं म्हटलंय, म्हणून मी यावरून "नाश्ता सोडा" असं म्हणणार नाही. सकाळी भूक नसेल तर केवळ वजनासाठी तो कोंबायची गरज नाही, एवढंच.

आणि सोडण्याच्या बाजूचा मला सगळ्यात पटणारा मुद्दा आकड्यांचा नाहीच. ॲप कधीतरी बंद होणार. त्यानंतर हाताशी राहणार ती "बास, पोट भरलं" ही जाणीव. ती नेमकी जागी झालेली असताना रोज रात्री चमच्याने दाबून टाकायची, हे कसलं वळण?

खाल्लं तर

इतकं वाचून सोडण्याचीच बाजू जड वाटेल. तशी ती आहेही, पण भूक खरं बोलते तोवरच. आणि भूक बऱ्याचदा खरं बोलत नाही.

घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि रोजच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं. म्हणजे भुकेलाही वेळापत्रक असतं. रोज एक वाजता जेवणाऱ्याला एकला कावळे ओरडतात. काही आठवडे दुपारचं जेवण टाळत गेलं तर ते ओरडणंही मंदावतं. अशा वेळी "मला दुपारी भूकच लागत नाही" हा गरज नसल्याचा पुरावा नाही, ती सवय आहे.

जोरदार व्यायामानंतर तासभर अन्नावरची वासनाच उडते. ताणात, तापात, झोप नीट न झाल्यावरही काहींचं तसंच होतं. दिवसभर काकडी, पालेभाज्या, सूप आणि काळी कॉफी यांवर पोट भरलेलं असेल, तर जठर ताणलेलं असतं पण ऊर्जा गेलेली नसते. वजन उतरवायला देतात त्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांचं तर कामच भूक कमी करणं; ती चालू असताना "भूक लागेल तेव्हा खाईन" म्हणाल तर दिवसाची प्रथिनंसुद्धा पूर्ण व्हायची नाहीत.

दबलेली भूक कायमची जात नाही, ही दुसरी गोष्ट. माझ्या ७०० शिल्लकवाल्या दिवसांचं ॲपमध्ये मागे जाऊन पाहिलं, तर एक ठरलेली चाल दिसली. सोमवार ९५०, मंगळवार १,०२०, बुधवार ९८०, गुरुवारी संध्याकाळी खा-खा सुटलेली आणि नोंद कोरी. कोरी म्हणजे काय, ते मोजणाऱ्याला सांगायला नको. आठवड्याची सरासरी काढली असती तर तीन दिवसांची बचत एका संध्याकाळी उडालेली दिसली असती. मी सरासरी काढत नव्हते, पाठ थोपटत होते.

याचं टोकाचं रूप अमेरिकेतल्या १९४४-४५ च्या मिनेसोटा उपासमार प्रयोगात दिसतं. अँसेल कीज या संशोधकांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवलं, भरपूर चालायलाही लावलं. वजनं जवळपास पाव हिश्श्याने उतरली. नंतर हवं तेवढं खायची मुभा मिळाल्यावर काहींचं पोट तुडुंब भरायचं, तरी भूक भागल्यासारखं वाटायचं नाही. भुकेची आणि गरजेची ताटातूट दोन्ही दिशांनी होते, हे त्यातून मला कळलं. १,५७० हा आकडा वाचताना थोडं थबकायला होतं, कारण आज कित्येक ॲप बायकांना १,२०० देऊन मोकळी होतात.

आकड्यांची खालची पातळीही लक्षात असू द्या. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी १,२०० च्या आणि पुरुषांनी १,५०० च्या खाली जाऊ नये, असं साधारण सांगतात. सलग काही दिवस तुम्ही त्याखाली असाल आणि हिशेब तपासूनही आकडा तेवढाच येत असेल, तर भूक नसली तरी खा. थंडी जास्त वाजणं, चिडचिड, केस गळणं, पाळी लांबणं किंवा चुकणं, व्यायामात वजन उचलवेनासं होणं, यांतलं काही सुरू झालं असेल तर रात्री साडेनऊचा प्रश्नच उरत नाही. तुमची तूट मोठी आहे, बजेटच वाढवायला हवं.

ज्यांनी ही तुलना करूच नये

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी घेणाऱ्यांनी जेवण सोडलं तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यांनी डॉक्टरांनी आखून दिलेल्या वेळा पाळायच्या, भूक असो वा नसो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलं यांनाही हे गणित लागू नाही. वयस्कर माणसाची भूक मेली असेल आणि प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्के उतरलं असेल, तर तपासणी हवी. आणि ज्यांचं खाण्याशी पूर्वी कधी बिनसलेलं आहे, उपाशी राहणं किंवा खाऊन उलटी काढणं झालेलं आहे, त्यांच्यासाठी "शिल्लक ७००" हा आकडाच घातक आहे. त्यांनी ॲप काढून टाकावं आणि जाणकाराशी बोलावं.

मी काय करते

दिवसाचं बजेट सोडून आठवड्याचं धरलं. आठवड्यातून एक-दोनदा २००-३०० उरल्या तर सोडून देते. शनिवारी कुणाकडे जेवायला गेलं की त्या आपोआप भरल्या जातात. ओळीने तिसऱ्या दिवशी ४०० च्या वर उरल्या, तर खाते, पण रात्री नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच जेवण वाढवते. दिवसा नीट जेवलं की बरणीपाशी जायची वेळच येत नाही. प्रथिनांचं मात्र वेगळं. वजन उतरवताना शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरतात. तेवढी झाली नसतील तर भूक नसतानाही एक अंडं किंवा वाटीभर दही घेते. प्रथिनं झाली आणि नुसत्या कॅलरी उरल्या, तर दात घासून झोपते.

खायचंच ठरलं, तर काय खावं? सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये ३८ पदार्थ कोणाने किती पोट भरतं ते पाहण्यासाठी तपासले. पांढरा पाव १०० धरला, तर उकडलेला बटाटा ३२३ वर गेला आणि क्रोसाँ, म्हणजे लोण्याचा फ्रेंच पाव, ४७ वर राहिला. वजन उतरवणारे ही यादी वरून वाचतात. भूक नसताना खायचं असेल, तर ती खालून वाचण्यात शहाणपण आहे: थोडक्या जागेत मावणारं, फार न चावता जाणारं. पण क्रोसाँपेक्षा मूठभर सुकामेवा बरा, ३० ग्रॅमला साधारण १७५ कॅलरी. पेलाभर सायीसकटचं दूध १५०. जेवणातच दोन चमचे जास्तीचं तेल किंवा तीळकूट घातलं तर पोटाला पत्ताही लागत नाही. पीनट बटरही चालेल. फक्त बसून खा, आणि चमचा बरणीत दुसऱ्यांदा घालण्याआधी वजनकाट्यावर ठेवा. माझे दोन "मोठे चमचे" ३२ ग्रॅमचे नव्हते, ५१ चे निघाले.