सीएच340 वाली यूएसबी टू सिरीयल केबल: लिनक्सवर चालते, घाईत रिटर्न करू नका

दारव्ह्याजवळच्या गावात आमचं सोयाबीन-तूर खरेदीचं दुकान आहे. काट्याचं वजन सरळ कॉम्प्युटरवर यावं अन् पावती तिथूनच निघावी म्हणून ही 9 पिनची केबल ऑनलाइन मागवली. पहिले दोन दिवस इतका वैताग आला की रिटर्न टाकणारच होतो. विकणाऱ्याला फोन केला तर एकच उत्तर, सोबतची सीडी टाका. सीडी विंडोजची अन् आपल्याकडे उबंटू 22.04, म्हणजे लिनक्स. लिनक्सला केबलमधल्या ह्या सीएच340 चिपसाठी सीडी लागतच नाही, ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो.

व्हायचं काय, केबल लावली की डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) टीटीवायूएसबी0 (ttyUSB0, लिनक्सनं केबलच्या पोर्टला दिलेलं नाव) आलं असं दिसायचं अन् लगेच खाली डिस्कनेक्टेड. पोर्ट बदलून पाहिले, तेच. पुतण्या यवतमाळला पॉलिटेक्निकला शिकतो, त्याला फोनवर एकेक ओळ वाचून दाखवली तर म्हणे, "काका, मधात कुठं बीआरएलटीटीवाय (brltty) लिहून आहे का?" होतं ना! हा प्रोग्राम अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असतो, तशा एका यंत्राचा यूएसबी आयडी अन् ह्या चिपचा आयडी एकच, 1ए86:7523, म्हणून तो आपली केबल ब्रेल यंत्र समजून धरून बसतो. एपीटीनं (apt, उबंटूत प्रोग्राम टाकायची-काढायची कमांड) तो प्रोग्राम काढला अन् पोर्ट टिकला. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत असेल तर मात्र काढू नका.

मग परमिशन डिनाइड आलं, त्यासाठी आपलं युजरनेम डायलआउट (dialout) ग्रुपमध्ये, म्हणजे सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये टाकायचं अन् लॉगआउट करून परत लॉगिन, हे विसरलं की पुन्हा तेच एरर. शेवटी स्क्रीनवर नुसती वेडीवाकडी अक्षरं, कारण काटा 2400 च्या स्पीडवर (बॉड रेट) बोलत होता अन् मी 9600 ठेवलं होतं. बदललं अन् काट्यावर लाल आकड्यात 48.350 तर स्क्रीनवरही 48.350, हमालसुद्धा पोतं तसंच ठेवून पाहायला आले.

नेटचा डोंगल असेल तर तोही दोन-तीन टीटीवायूएसबी पोर्ट घेतो अन् आपल्या केबलचा नंबर बदलतो, म्हणून डेव्ह-सिरीयल-बाय-आयडी (/dev/serial/by-id) ह्या फोल्डरमधलं नाव वापरा, ते डोंगलमुळे बदलत नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो लांबीसाठी, केबल जेमतेम मीटरभर आहे अन् काटा दाराशी, मले टेबलच उचलून दारात आणावा लागला.