वळणानंतर खाली जाणारे पेडल : एका गॅरेजचा अनुभव

डावीकडचे लांब वळण संपवून ब्रेक दाबला की पेडल पहिल्यांदा नेहमीपेक्षा बरेच खाली जायचे आणि लगेच पुन्हा दाबले की वरच घट्ट लागायचे. सरळ रस्त्यावर मात्र ब्रेक उत्तम. आधीच्या गॅरेजने तक्रार पुरती ऐकूनही न घेता ब्रेक ऑइल बदलले, एअर काढली, पुढचे पॅड नवे घातले. दोष होता तसाच राहिला. ऑइलमध्ये हवा असती, तर पेडल सरळ रस्त्यावरही स्पंजासारखे दबले असते, एवढा विचार तेथे कोणी केला नाही.

या दुसऱ्या गॅरेजमधील मेकॅनिकने पान्याला हात लावण्यापूर्वी मला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली. मोकळ्या रस्त्यावर तेच वळण घेऊन बाहेर पडताना त्याने डाव्या पायाने पेडल जेमतेम दाबून सोडले आणि त्यानंतरचा खरा ब्रेक वरच लागला. (ही कसरत सवय नसलेल्याने करू नये, डावा पाय क्लचच्या सवयीने पेडल जोरात दाबतो.) पॅड डिस्कपासून (चाकासोबत फिरणाऱ्या, पॅड ज्यावर दाबले जातात त्या चकतीपासून) दूर ढकलले जात आहेत, हा त्याचा अंदाज तेथेच पक्का झाला. डाव्या वळणात भार उजव्या चाकांवर येतो. तेथील बेअरिंग झिजलेले असेल तर हब (चाक ज्यावर बसवलेले असते तो भाग) किंचित कलतो, त्याच्यासोबत डिस्क कलते आणि ती पॅडला व पॅडमागच्या पिस्टनला कॅलिपरमध्ये (पॅड धरून दाबणाऱ्या भागात) मागे रेटते. गाडी सरळ झाल्यावर डिस्क जागेवर येते, पिस्टन मात्र मागेच राहतो, त्यामुळे पहिला दाब ती फट भरण्यातच जातो.

जॅकवर उचललेले पुढचे उजवे चाक वरून आणि खालून धरून हलवले, तेव्हा बारीकसा खटका हाताला लागला. मदतनिसाने ब्रेक दाबून धरताच हब जखडला गेला आणि खटका नाहीसा झाला, म्हणजे दोष बॉल जॉइंटमध्ये (चाक सस्पेन्शनला जोडणाऱ्या सांध्यात) नसून बेअरिंगमध्येच होता. या एका चाचणीसाठी मी या गॅरेजला पूर्ण गुण देईन. नवे बेअरिंग बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळला आणि डिस्क सरळ फिरते की नाही हे डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काटेरी मापक) लावून मला दाखवले. डावे बेअरिंगही बदलण्याचा सल्ला मिळाला होता. त्यात प्ले (ढिलेपणा) नसल्याने मी नकार दिला आणि त्यांनीही आग्रह धरला नाही.

तक्रार आहे ती कामकाजाच्या पद्धतीबद्दल. संध्याकाळी मिळणार असलेली गाडी एका फोनशिवाय दुसऱ्या दिवशीवर गेली. बिलात नुसते ‘ब्रेक काम’ लिहिले होते. बेअरिंगचा उल्लेख आणि वॉरंटी मागून लिहून घ्यावी लागली. जुने बेअरिंगही मागितल्यावरच मिळाले. हाताने फिरवले, तर त्यात वाळू अडकल्यासारखी खरखर लागत होती.