आठवड्यातून दोन दिवस येणारी एचआर प्रमुख : भोसरीतल्या एका कारखान्याचा अनुभव

मनुष्यबळ विभागाचा अनुभवी प्रमुख पूर्णवेळ नेमणे ज्यांना परवडत नाही, अशा कंपन्यांना तो आठवड्यातून ठरावीक दिवस पुरवणाऱ्या संस्था पुण्यात आता सहज सापडतात. भोसरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या आमच्या कारखान्याने अशी सेवा घेतली असून तिचे बरेवाईट सांगता येईल इतका अनुभव आता गाठीशी आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि आमच्याकडे येणाऱ्या मॅडम आणखी दोन-तीन कंपन्यांचेही काम पाहतात. निर्णय आधीच सांगतो : सेवा घेण्याजोगी आहे, पण तिचा उपयोग किती होईल हे मॅडमपेक्षा मालक त्यांना किती ऐकून घेतात यावर ठरते.

आमची गरज काय होती हे सांगितल्याशिवाय सेवेचे मोल कळणार नाही. चाळीस माणसे होती तेव्हा आमच्याकडे सगळे तोंडी चालत असे. मुलीच्या लग्नासाठी उचल हवी असेल, तर माणूस थेट थोरल्या भागीदारांच्या केबिनमध्ये जाई आणि बाहेर येताना त्याचे काम झालेले असे. माणसे दीडशेच्या घरात गेल्यावरही पद्धत तीच राहिली. मात्र आता केबिनपर्यंत पोहोचणारे वीस-पंचवीस जुने लोक आणि न पोहोचणारे सव्वाशे नवे लोक अशी सरळ फूट पडली होती. जुन्यांना जो मालकांचा जिव्हाळा वाटत होता, तोच नव्यांना वशिला वाटत होता, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. वाढत्या कंपनीची संस्कृती बिघडते ती बहुधा अशीच, कोणी वाईट वागल्यामुळे नव्हे, तर चांगली सवय तिच्या मापाबाहेर ताणली गेल्यामुळे.

संस्थेच्या माहितीपत्रकात मूल्यांची कार्यशाळा, ध्येयवाक्य, कर्मचारी-समाधान सर्वेक्षण असे बरेच काही छापलेले होते. नेटफ्लिक्सने आपल्या कार्यसंस्कृतीची स्लाइडमाला 2009 मध्ये जगापुढे ठेवल्यापासून प्रत्येक सल्लागाराच्या लॅपटॉपमध्ये तिचा एखादा गरीब नातेवाईक असतोच, आणि तो आमच्याही वाट्याला येणार अशी माझी धास्ती होती. मॅडमनी पहिल्या महिन्यात त्यातले काहीही काढले नाही. त्या दोन्ही पाळ्यांत येऊन बसल्या, कॅन्टीनमध्ये सर्वांबरोबर जेवल्या, आणि लेखा विभागाकडून तीन याद्या मागवून घेतल्या : ओव्हरटाइम कोणाला मिळतो, उचल कोणाला मिळते आणि सोडून गेलेली माणसे कोणत्या लाइनवरची होती. भिंतीवर लावायचे वाक्य त्यांनी आजतागायत दिलेले नाही, आणि याचे मी त्यांना पूर्ण गुण देतो.

त्यांचे काम जवळून पाहायचे तर जत्रांचा प्रश्न घ्यावा. आमचे निम्मे कामगार सातारा, सांगली, बीड, लातूर या भागांतले आहेत. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की सकाळी सुपरवायझरच्या फोनवर ‘पोट बिघडलंय, येत नाही’ असे निरोप येऊ लागत. सुपरवायझरला खरे कारण ठाऊक असे, कामगारालाही ते त्याला ठाऊक असल्याचे ठाऊक असे, आणि तरी दोघेही हे नाटक दरवर्षी पार पाडत. एक दिवसाचा पगार कापणे एवढेच उत्तर आमच्याकडे होते. मॅडमनी माघ महिन्यातच प्रत्येकाकडून गावाचे नाव आणि जत्रेची तारीख लिहून घेतली, त्याचा तक्ता नोटीस बोर्डावर लावला आणि त्या दिवसाची रजा आधीच मंजूर केली. अट एवढीच की एका लाइनवरचे तिघांहून अधिक एकाच दिवशी जाणार असतील, तर त्यांनी आपसांत ठरवून बदली माणूस द्यावा. उत्पादन नियोजन पाहणाऱ्या आमच्या माणसाला मार्च ते मे या काळात कोणत्या दिवशी किती हात कमी असतील हे प्रथमच आधी कळू लागले. रजा तेवढीच राहिली, खोटे बोलणे थांबले. गैरहजेरीपेक्षा रोज खपवून घेतलेले खोटे अधिक महागात पडते हे त्यांनी आम्हाला कधी शब्दांत सांगितले नाही, तक्ता लावून दाखवले.

दुसरा बदल नोकरी सोडणाऱ्या माणसाच्या हिशेबाचा. राजीनामा देणाऱ्याकडे पाठ फिरवण्याची रीत बहुतेक कारखान्यांत आहे. स्टोअर, टूल रूम, कॅन्टीन, लेखा अशा टेबलांवरून ‘नो ड्यूज’च्या कागदावर सह्या गोळा करत त्याला हिंडवायचे आणि फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे, पैसे दोन-अडीच महिन्यांनी, तेही तीनदा फोन केल्यावर द्यायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यांपैकी वेतनसंहितेनुसार सोडून जाणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. पण मॅडमनी हा विषय त्याच्या आधीच काढला होता आणि त्यांचा मुद्दा कायद्याचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, जाणाऱ्या माणसाला तुम्ही कसे वागवता हे तो एकटा पाहत नसतो, त्याच्या शेजारच्या बाकावरचे पंधराजण पाहत असतात. आता सह्यांचा कागद एचआरची सहायक स्वतः फिरवते, शेवटच्या दिवशी थोरले भागीदार त्या माणसाबरोबर चहा घेतात आणि रक्कम ठरल्याप्रमाणे जमा होते. गेलेल्यांपैकी काहीजण परत आले, काहींनी आपले भाऊबंद आमच्याकडे पाठवले. कायदा लागू झाला तेव्हा शेजारच्या कारखान्यांत जी धावपळ उडाली ती आमच्याकडे उडाली नाही, हा त्यातला वरकड फायदा.

सर्वांत अवघड प्रकरण एका सुपरवायझरचे होते, आणि एचआर प्रमुखाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. वायरिंगमध्ये त्यांच्या तोडीचा माणूस आमच्याकडे नाही. ड्रॉइंग न पाहता ते पॅनेलमधला दोष सांगतात. मात्र आयटीआय करून आलेल्या पोरांना सर्वांसमोर आईबहिणीवरून बोलणे हा त्यांचा शिरस्ता होता, आणि ‘आम्ही असेच शिकलो’ यापलीकडे त्याचे समर्थन नव्हते. मॅडमनी तक्रारींची फाइल उघडली नाही. सोडून गेलेल्यांची यादी लाइननिहाय मांडून प्रत्येक नवीन माणूस तयार करायला लागणारे महिने आणि त्या काळात पुन्हा करावे लागलेले काम यांचा खर्च थोरल्या भागीदारांपुढे ठेवला. भागीदार दोन महिने टाळाटाळ करत होते, कारण हा माणूस त्यांच्याबरोबर पहिल्या शेडपासून आहे. शेवटी त्या गृहस्थांचा पगार आणि मान कायम ठेवून त्यांना तपासणी व दुरुस्तीचे प्रमुख केले आणि माणसे सांभाळण्याचे काम दुसऱ्याकडे दिले. मॅडमनी ही गोष्ट त्यांना केबिनमध्ये न सांगता मशीनजवळ उभे राहून सांगितली, आणि ‘तुमच्या हाताखाली पोरे शिकतात, पण तुमच्या तोंडामुळे पळतात, दादा’ इतके स्पष्ट सांगितले. ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. आज दोष शोधण्याचे त्यांचे वर्ग शनिवारी भरतात आणि पोरे आपणहून बसतात, पण जिभेची धार पूर्ण गेलेली नाही, हेही नमूद करायला हवे.

कामाला वाघ असलेल्या माणसाचे वागणे झाकायचे की नाही, हा प्रश्न भोसरीपुरता नाही. उबरमध्ये हेच घडले होते : कंपनी सोडलेल्या एका महिला अभियंत्याने फेब्रुवारी 2017 मध्ये जाहीरपणे लिहिले की, वरिष्ठाच्या गैरवर्तनाची तक्रार केल्यावर तो उत्तम काम करणारा असल्याचे कारण देऊन एचआरने त्याला पाठीशी घातले. त्यानंतरच्या चौकशीत जून 2017 मध्ये वीसहून अधिक कर्मचाऱ्यांना काढावे लागले आणि त्याच महिन्यात संस्थापक मुख्याधिकाऱ्यांनाही पद सोडावे लागले. त्या कंपनीत एचआर विभाग नव्हता असे नाही; तो वरच्यांना नको असलेली बातमी वर नेत नव्हता.

महिलांच्या तक्रारींबाबतही मॅडमचे काम नेटके आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असावी लागते, किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. समितीचा फलक अनेक कारखान्यांत असतो, त्यावरची नावे मात्र नोकरी सोडून गेलेल्यांची असतात. मॅडमनी वायरिंग लाइनवरच्या एका बाईंना समितीत घेतले आणि तक्रार कशी लिहायची, नव्वद दिवसांत चौकशी कशी पूर्ण होते हे जेवणाच्या सुटीत चार-चार जणींना बसवून समजावले.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव सेवेच्या स्वरूपातच आहे : मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आणि भांडणे सोमवारी होतात. उरलेल्या दिवसांसाठी संस्थेने दिलेली सहायक मुलगी हुशार असली तरी पंचवीशीची आहे, आणि पन्नाशीचा शिफ्ट इन-चार्ज तिचे ऐकतो तो मॅडमना फोन लागेपर्यंतच. दुसरी तक्रार सर्वेक्षणाची. संस्थेच्या मुख्य कार्यालयाने मोबाइलवर भरायचा चाळीस प्रश्नांचा अर्ज पाठवला. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय तो उघडत नसे, आणि तरी वर ‘आपले नाव गुप्त राहील’ असे लिहिलेले होते. साहजिकच सगळ्यांनी सगळे उत्तम असल्याचे कळवले. मॅडमनी तो निकाल बाजूला ठेवला, पण त्याचे पैसे आम्ही मोजले होते. तिसरे, दर माणशी आकारणी असल्यामुळे कंत्राटी कामगार धरायचे की नाही यावर संस्थेशी बरेच वाजले, आणि दराच्या कागदावर हा मुद्दा आधी स्पष्ट केलेला नव्हता.

कंत्राटी कामगारांवरून मॅडमशीही आमचे मतभेद झाले आणि ते पुरते मिटलेले नाहीत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेटवर डब्यांच्या दोन राशी लागत : कायम कामगारांसाठी सुक्या मेव्याचा मोठा डबा, कंत्राटींसाठी अर्धा किलो सोनपापडी. एकाच बाकावर काम करणारे दोघे पाळी सुटल्यावर वेगवेगळे डबे घेऊन एकाच बसमध्ये चढत. डबा सर्वांना एकच द्यावा, हे मॅडमचे म्हणणे आम्ही लगेच मानले, कारण फरकाची रक्कम फारशी नव्हती. पण गणवेशाचा रंगही एक करावा आणि दोन वर्षे झालेल्यांना कायम करण्याचा क्रम लेखी जाहीर करावा, हे त्यांचे पुढचे म्हणणे थोरल्या भागीदारांनी बाजूला ठेवले आहे. ऑर्डर कमी-जास्त होतात, बांधून घेणे परवडत नाही, ही त्यांची अडचण खोटी नाही. तरीही माझे मत मॅडमच्या बाजूचे आहे : क्रम जाहीर नसला की कायम कोण होणार हे सुपरवायझरची मर्जी ठरवते, आणि मग वशिल्याची गोष्ट मागच्या दाराने परत येते.

खर्चाचे सांगायचे तर, याच अनुभवाची व्यक्ती पूर्णवेळ घेतल्यास जो पगार द्यावा लागेल त्याच्या साधारण निम्म्यात हे काम होते, आणि पगारपत्रक, पीएफ, ईएसआयची पूर्तता त्यात धरलेली नाही. पन्नासच्या आत माणसे असतील तर ही सेवा घेण्याची घाई करू नये. तेवढ्यांना मालकाने नावानिशी ओळखावे, ते पुरेसे असते. तीनशेच्या पुढे गेल्यावर दोन दिवस पुरणार नाहीत. मधल्या पट्ट्यातल्या कंपनीने करार करण्यापूर्वी नेमकी कोणती व्यक्ती येणार आहे तिला भेटावे, संस्थेच्या विक्री अधिकाऱ्याला नव्हे, आणि ती मालकाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणू शकते का हे पाहावे. आम्ही नूतनीकरण केले आहे ते तीन अटींवर : मॅडम बदलल्यास करार आपोआप संपेल, त्यांचा एक दिवस सोमवार असेल, आणि मोबाइलवरचे सर्वेक्षण पुन्हा होणार नाही.