तो खोटं बोलत नव्हता, तरीही मी फसलो

त्या निर्मात्याचे तीन चित्रपट लागोपाठ चालले होते. चौथ्यासाठी माझी पटकथा मागितली, त्या दिवशी तो समोर बसून घटस्फोटाबद्दल बोलला, भावाने संबंध तोडल्याबद्दल बोलला, झोपेच्या गोळ्यांशिवाय डोळा लागत नाही म्हणाला. मग म्हणाला, "सध्या हात तंग आहे. मानधनाऐवजी निव्वळ नफ्यात दहा टक्के घे." अशा माणसाशी पैशावरून काय घासाघीस करायची? मी सही केली.

त्याची दुःखं खरी होती, हे मुद्दाम सांगतो. ती खरी होती म्हणूनच मी कराराचं परिशिष्ट वाचलं नाही. आधीच्या हिट चित्रपटांचे हक्क फायनान्सरकडे गहाण होते आणि नवा चित्रपट जुनी देणी भागवायला काढला होता, हे मला फार उशिरा कळलं.

चित्रपट चांगला चालला. वर्षभराने हिशेब आला, त्यात तोटा! गल्ल्यातून आधी थिएटरवाल्यांचा वाटा गेला. मग वितरकाचं कमिशन, प्रसिद्धी, कर्जावरचं व्याज, निर्मात्याच्या ऑफिसचा खर्च. शेवटच्या ओळीत तर त्याच्या एका अर्धवट सोडलेल्या चित्रपटाचं नुकसान माझ्या चित्रपटाच्या नावावर टाकलेलं. परिशिष्टातल्या निव्वळ नफ्याच्या व्याख्येत हे सगळं बसत होतं.

वकिलांनी अमेरिकन लेखक आर्ट बुकवाल्ड यांचा खटला सांगितला. त्यांच्या कल्पनेवर बेतलेल्या 'कमिंग टू अमेरिका' या १९८८ च्या चित्रपटाने जगभरात २५ कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला, तरी निव्वळ नफा झालाच नाही, असं तो काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओचं म्हणणं होतं. न्यायालयाने नफ्याचं ते सूत्रच अन्यायकारक ठरवलं. १९९२ मध्ये बुकवाल्ड आणि त्यांचे सहकारी निर्माते यांना मिळून ९ लाख डॉलर मंजूर झाले. इतकी वर्षं कोर्टात झगडायची ऐपत माझ्यात नव्हती.

लिहिणाऱ्यांनो, मानधन हप्त्याहप्त्याने का होईना, पण रोख ठरवून घ्या. टक्केवारीच घ्यायची तर ती एकूण कमाईवर मागा. हिशेब तपासण्याचा हक्क आणि एका चित्रपटाचा तोटा दुसऱ्यावर टाकायचा नाही, ही अट करारात लेखी हवी. समोरचा रडत असला तरी कागद घरी आणा, वकिलाला दाखवा.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, नवी कथा हवी होती. मी कराराचा मसुदा आधी पाठवायला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, अजूनही झोप लागत नाही रे.